ढगाच्या कडेनं जाऊ नकोस

सोलापूरचं आभाळ आता पूर्वीसारखं मोकळं नाही. होटगी रोडच्या धावपट्टीवर २०२५ पासून प्रवासी विमानं उतरतात. त्यामुळे वैमानिकाच्या प्रशिक्षणात सोलोला, म्हणजे एकट्यानं विमान घेऊन, इकडे येताना एक पक्कं लक्षात ठेव: बाहेर डोळ्यांनी बघत उडताना ढगापासून आडवं १,५०० मीटर आणि उभं १,००० फूट अंतर हा नुसता परीक्षेतला प्रश्न नाही.

हिशेब करून बघ. तुझं छोटं सेसना विमान १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किमी), ढगातून निघणारं विमान २५० नॉट. समोरासमोर आलात तर दीड किलोमीटर आठ सेकंदांत संपतो. दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान वळणं यासाठी अमेरिकेच्या एफएए या विमान-वाहतूक नियामक संस्थेनं साडेबारा सेकंद धरलेत. नियम पाळूनही वेळ कमीच पडतो रे!

माझंच सांगतो. पावसाळ्यात एकदा ‘आत्ता मोकळं होईल’ म्हणत ढगाला चिकटून गेलो. डाव्या पंखावर ढग फाटला आणि दुसऱ्या विमानाचा लँडिंग लाइटच डोळ्यांत आला. उतरल्यावरही हात थरथरत होते.

ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आणि इतर विमानांना आपली ओळख देणारं यंत्र, त्याचा नॉब ‘ऑन’वर नको, उंचीही पाठवणाऱ्या ‘एएलटी’वर हवा. तुझी उंची कळली नाही, तर समोरच्या विमानातलं टीकॅस, म्हणजे टक्कर टाळणारी यंत्रणा, सावध करेल, पण वर जा की खाली, हे सांगणार नाही. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेरिटोसवर डीसी-९ हे प्रवासी जेट आणि छोटं पायपर विमान धडकलं, ८२ माणसं गेली. पायपर उंची पाठवत नव्हतं, आणि त्या दिवशी तर आभाळ स्वच्छ होतं.

ढग खाली येताना दिसला की लगेच माघारी फिर. आधी वळ, मग रेडिओवर जागा आणि उंची सांग.