सासूबाईंसाठी बाप्तिस्मा द्यायचा का?

प्रश्न: ताई, आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. मी आणि नवरा दोघंही कॅथलिक घरात वाढलो, पण हळूहळू चर्च सुटलं, श्रद्धाही उरली नाही. मुलीला बाप्तिस्मा द्यायचा नाही असं आमचं ठरलं होतं. पण सासूबाईंनी नवऱ्याचा लहानपणीचा बाप्तिस्म्याचा पांढरा झगा इस्त्री करून कपाटाच्या दाराला टांगून ठेवलाय. उठता-बसता एकच, “तारीख कधी घेताय?” आता नवराही म्हणतो, “पाणीच तर ओतायचंय, आईचं मन राखू या.” मी उगाच ताणतेय का?

उत्तर: अजिबात नाही. ‘पाणीच तर ओतायचंय’ हे मात्र खरं नव्हे. बाप्तिस्म्याआधी आईवडिलांची तयारी करून घेण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. बाळाला त्या विधीत काहीच बोलायचं नसतं, सगळं आईबापांनी बोलायचं असतं, हे अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळायचं. सैतानाचा त्याग करता का, देवावर विश्वास ठेवता का, असं फादर विचारतात आणि तुम्ही सगळ्यांदेखत ‘होय’ म्हणायचं. मुलीला या श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारीही तिथेच स्वीकारायची. एक बाप तर नेमका त्या प्रश्नांच्या वेळी मोबाइल काढून बघत बसायचा. नवऱ्याला विचार, तो ‘होय’ तुझ्या तोंडून निघेल का? सासूबाईंसाठी ज्या गोष्टीला एवढं मोल आहे, ती खोटं बोलून उरकणं हा त्यांच्या श्रद्धेचाही अपमानच.

सासूबाई मनचं काही सांगत नाहीत, हेही खरं. चर्चच्या 1983 च्या कायद्यातलं 867 वं कलम म्हणतं, बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत व्हावा. पण त्याच्या पुढचंच कलम म्हणतं, आईवडिलांपैकी निदान एकाची संमती हवी आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा हवी. ती मुळीच नसेल, तर कारण सांगून बाप्तिस्मा पुढे ढकलावा. म्हणजे तुम्ही फादरांना खरं सांगितलंत, तर तेच थांबायला सांगू शकतील.

मला त्या ‘तारीख कधी?’मागे भीती ऐकू येते. त्यांच्या पिढीला शिकवलेलं असायचं की बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ लिंबोत, म्हणजे ना स्वर्ग ना नरक अशा अवस्थेत, अडकतं, त्याला स्वर्ग नाही. चर्चने हा कधीच अधिकृत सिद्धान्त म्हणून मांडला नव्हता. 2007 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाचा जो दस्तऐवज निघाला, तो म्हणतो की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे. वाद घालण्याऐवजी हे त्यांना शांतपणे सांगा. संत मोनिकेसारख्या भाविक आईचा मुलगाही लहानपणी बाप्तिस्म्याविनाच राहिला होता. तोच पुढे संत झालेला ऑगस्टीन. त्याचा बाप्तिस्मा 387 साली मिलानमध्ये झाला, तिशी उलटल्यावर. (हा दाखला जरा जपून दे बाई. मोनिका या लेकासाठी वर्षानुवर्षं रडली, हे सासूबाईंना तोंडपाठ असणार.)

काही प्रॉटेस्टंट पंथांत बाप्तिस्म्याऐवजी बालसमर्पण असतं. तुमची श्रद्धाच नाही, तर त्या वाटेला जाऊ नका.

एका गोष्टीबद्दल मात्र आत्ताच स्पष्ट बोला. आजीने स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाळाच्या डोक्यावर पाणी घालून ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते’ म्हटलं, तर चर्चच्या हिशेबात तो बाप्तिस्मा खरा धरला जाऊ शकतो. मग तो पुसताही येत नाही आणि पुन्हा देताही येत नाही. धडधाकट बाळाला आईबापांच्या परवानगीशिवाय असा बाप्तिस्मा देणं त्याच चर्चला मान्य नाही. म्हणून सासूबाईंना सरळ सांगा, ‘आमच्या पाठीमागे हे करू नका.’ नात सांभाळायला द्यायची आणि नळावर पाळत ठेवायची, असं घर चालत नाही.

त्याच वेळी काय चालेल, तेही सांगा. रात्री आजीने प्रार्थना म्हटली, बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या तर चालेल? चर्चमध्ये सोबत नेलं तर? हे तुम्ही दोघांनी आधी ठरवा. मूल सात वर्षांचं झालं, की चर्च त्याची स्वतःची इच्छा धरतं. उद्या लेकीनेच बाप्तिस्मा मागितला, तर आडवे येणार नाही, हा शब्दही द्या, देववत असेल तरच.

आणि बोलायला सुरुवात नवऱ्याने करायची. तू शेजारी बस. आई त्याची आहे. तू तोंड उघडलंस, की ‘सुनेने नातीचा बाप्तिस्मा अडवला’ एवढीच गोष्ट नातेवाइकांत फिरेल.