वजन जास्त असेल तर गुडघेबदलासाठी कोणतं इम्प्लांट निवडावं?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय 63, वजन 102 किलो, उंची 158 सेंमी. एका डॉक्टरांनी ‘हाय-फ्लेक्स’, म्हणजे गुडघा जास्त वाकावा म्हणून बनवलेलं इम्प्लांट सुचवलंय, दुसरे म्हणतात इम्प्लांटच्या खालच्या, नडगीवरच्या भागाला स्टेम, म्हणजे दांडा जोडून घ्या. कोणाचं ऐकावं?

माझं मत दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. आईंचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 41 च्या आसपास येतो. साधं चालतानाही गुडघ्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो, म्हणजे पावलागणिक 255 ते 306 किलो. इम्प्लांटचा मांडीच्या हाडावरचा भाग हाडाला टोपीसारखा घट्ट धरतो, तो सहसा सैल होत नाही. नडगीवरचा धातूचा ट्रे मात्र कापलेल्या सपाट हाडावर टेकलेला असतो, आधाराला मधोमध एक आखूड खुंट. त्यातून ट्रेचं माप हाडावरून ठरतं, वजनावरून नाही. उंची कमी नि वजन जास्त असलं की छोट्या ट्रेवर मोठा भार पडतो. बिघडतं ते बहुधा इथेच : आतल्या बाजूचं हाड दबतं, ट्रे तिकडे कलतो आणि पाय पुन्हा धनुष्यासारखा वाकू लागतो.

30 ते 50 मिमीचा दांडा हा भार खालच्या हाडापर्यंत वाटून देतो. त्याहून लांब सहसा लागत नाही. लांब दांड्याच्या टोकाशी नडगी दुखू शकते आणि पुढे कधी इम्प्लांट काढायची वेळ आली तर तो काढणंही अवघड जातं. बीएमआय 35 च्या पुढे अनेक सर्जन असा दांडा वापरतात, सगळेच नाही.

हाय-फ्लेक्सचा आईंना फारसा उपयोग होईल असं मला वाटत नाही. जाड पायात गुडघा वाकवताना पोटरी मांडीला टेकते आणि वाकणं तिथेच थांबतं, आत डिझाइन कोणतंही असो. गुडघ्यातला मागचा लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, ठेवायचा की काढायचा, दोन धातूंच्या भागांमधली प्लास्टिकची चकती स्थिर की फिरती, यावरही फार डोकं शिणवू नका. सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते चांगलं.

सिमेंटशिवायच्या, खरखरीत पृष्ठभागाच्या ट्रेत हाड वाढून पकड बसते. तरुण, वजनदार आणि भक्कम हाडाच्या रुग्णात तो चांगला पर्याय आहे. आईंचं हाड ठिसूळ असेल तर मात्र सिमेंटच बरं.

त्या सिमेंटबद्दल जरूर विचारा, कारण दांडा घालूनही ट्रे सुटतो तो कित्येकदा इथल्या चुकीमुळे. कापलेल्या हाडातून रक्त आणि मज्जेतली चरबी पाझरत असते. तिचा पातळ थर ट्रेच्या खालच्या अंगाला लागला की सिमेंट हाडाला चिकटतं, धातूला नाही. म्हणून हाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन कोरडं करतात, सिमेंट चिकट असतानाच हाडावर आणि ट्रेच्या खालीही लावतात, आणि ते घट्ट होईपर्यंत गुडघा अजिबात हलवत नाहीत.

आणखी एक अडचण. चरबीच्या थराखाली नडगीची कड आणि घोटा नीट चाचपता येत नाही, त्यामुळे हाड कापायची पट्टी तिरकी लागू शकते. ट्रे आतल्या बाजूला 3 अंशांहून जास्त कलला तर दांड्यालाही जास्त ताण सोसावा लागतो. नेव्हिगेशन (कापाची दिशा दाखवणारा संगणक) किंवा रोबोटची मदत मला इथे खरोखर उपयोगाची वाटते.

शेवटचं : जाड पायात जागा करताना आतल्या बाजूचा लिगामेंट फाटण्याचा धोका जास्त असतो. तसं झालं तर गुडघा बाजूला डुलू न देणारी, उंच खुंटीची चकती लागते. ती त्याच दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये हजर असेल ना, आणि निवडलेल्या ट्रेवर बसेल ना, हे तारीख घेतानाच विचारून ठेवा.