वीज आणि घर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही नाशिकला रो-हाउसमध्ये राहतो, घरात पाच माणसं. वापर एरवी महिन्याला तीनशे युनिटच्या आसपास असतो, उन्हाळ्यात साडेतीनशेच्या पुढे गेला. एसी एकच, तोही फक्त रात्री. सोलरवाले येऊन गेले. ५ किलोवॅट बसवा, ७८ हजार सबसिडी मिळेल, असं म्हणाले. मुलगा लगेच हो म्हणतोय, मला मात्र एवढा पैसा घालायची धास्ती वाटते. काय करावं? — एक गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, सोलर जरूर घ्या, पण ५ किलोवॅट घेऊ नका, आणि या महिन्यात तर नकोच. आधी घरातली वीज कुठे जाते ते शोधू.

रात्री सगळे झोपायच्या बेताला पंखे, दिवे, टीव्ही, एसी बंद करा. फ्रिज आणि इन्व्हर्टरचे प्लग काढा. मेन स्विच मात्र चालूच राहू द्या. मग टॉर्च घेऊन मीटरपाशी जा. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि किती लुकलुकींचं एक युनिट होतं ते शेजारीच छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर तो आकडा ३२०० असतो. घड्याळ लावून एक मिनिट मोजा. सगळं बंद असताना दिवा लुकलुकताच कामा नये. समजा मिनिटाला आठ वेळा लुकलुकला, तर तासाला ४८० झाले, म्हणजे दीडशे वॅट. दिवसाचे साडेतीन युनिट आणि महिन्याचे शंभराच्या वर, तेही कुणी काही वापरत नसताना! असं दिसलं तर परवानाधारक वायरमनला बोलवा. वायरिंगमध्ये गळती असू शकते आणि त्यात पैशापेक्षा जिवाचा धोका मोठा आहे.

दिवा शांत असेल तर फ्रिज आणि इन्व्हर्टर एकेक करून जोडा आणि पुन्हा मोजा. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली की ती चार्ज पूर्ण धरत नाही आणि दिवसरात्र वीज ओढत राहते. घरात भांडण एसीवरून होतं, पण चोर पुष्कळदा जिन्याखाली बसलेला असतो.

मग पंख्यांकडे वळा. जुना पंखा ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. तुमच्याकडे रोज चौदा तास फिरणारे तीन पंखे असतील, तर फक्त तेवढे बदलून महिन्याला पन्नासवर युनिट वाचतात. घरातले सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. पाहुण्यांच्या खोलीतला जुना राहू द्या.

गीझरचं गणित सोपं आहे. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे महिन्याला ७५ युनिट. गच्चीवर जागा असेल तर पाणी तापवण्याचा सौर बंब यासाठी उत्तम. मात्र बोअरचं जड पाणी असेल तर त्याच्या नळ्यांत क्षार साचतात, ते साफ करायची सोय आधी विचारून घ्या. एसी २४ किंवा २६ वर ठेवून सोबत पंखा लावा. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं.

आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या शंभर युनिटांचा एक दर, १०१ ते ३०० चा जवळपास दुप्पट, त्यापुढे आणखी. त्यामुळे वाचवलेलं प्रत्येक युनिट वरच्या, म्हणजे महागड्या टोकाचं असतं. तुमचे साडेतीनशेचे अडीचशे झाले तर बिल वापरापेक्षा जास्त प्रमाणात उतरेल.

आता सोलर. १ किलोवॅट आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतं. उन्हाळ्यात थोडं जास्त, पावसाळ्यात बरंच कमी. २ किलोवॅटचे महिन्याला साधारण २४० युनिट होतात आणि आधी सांगितलेली कामं केलीत तर तुम्हाला तेवढे पुरतील. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार रुपये मिळतात. तिथे ७८ हजार होतात आणि थांबतात. म्हणजे ५ किलोवॅटलाही तेवढेच. ही गोष्ट त्या माणसाने तुम्हाला सांगायला हवी होती, याचा मला खरंच राग येतो. शिवाय नेट मीटरवर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा होत जातात, पण ३१ मार्चला उरलेली युनिटं वीज कंपनी कमी दराने घेते. छप्परभर पॅनल लावून त्यातून कमाई होईल, या हिशेबाने कर्ज काढू नका. बिल शून्य येईल असंही धरू नका, स्थिर आकार भरावाच लागतो.

गच्चीवर मुलाला घेऊन जा. १ किलोवॅटला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, पॅनलचं तोंड दक्षिणेला. सावली आज पाहून ठरवू नका, डिसेंबरची धरा. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे इतका खाली असतो की नाशिकला भर दुपारी बारा वाजतासुद्धा वस्तूच्या उंचीएवढी सावली उत्तरेला पडते. पाच फुटी टाकीची पाच फूट, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यातली सावली बाकीच्यांनाही मागे खेचते. दक्षिणेकडचा शेजारी मजला चढवणार असेल तर ते आत्ताच विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही सोलर बसवलं. कडक ऊन असतानाही लाईट गेली की सोलर बंद पडतं. आम्हाला फसवलं का? — निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : सर, यंत्र बरोबर चालतंय. नेट मीटरवरचं साधं सोलर वीज कंपनीच्या तारेला जोडलेलं असतं. तारेतली वीज गेली की त्याने क्षणात बंद व्हायलाच हवं, नाहीतर तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत जाईल. मी वीज वितरणात अभियंता होते. लाईट गेल्यावर खांबावर चढणारी माणसं मी रोज पाहिली आहेत. आपली लाईन मेलेली आहे, या भरवशावर ती हात घालतात. तुमच्या सोलरच्या इन्व्हर्टरचं (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचं) ते बंद पडणं त्यांच्यासाठी आहे. बसवणाऱ्याने हे आधी सांगितलं नाही, ही चूक मात्र त्याचीच.

लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि तारेतली वीज तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी लागते. तिचा खर्च मोठा आहे आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. दिवसातून अर्धा तास लाईट जात असेल तर घरातल्या जुन्या, साध्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरवर दोन पंखे, चार दिवे चालवा. घरी ऑक्सिजनचं यंत्र वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, मग बॅटरी घ्याच.

प्रश्न : आमचं घर साताऱ्याजवळ. वर पठारावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात, मग गच्चीवर एक छोटी लावली तर? — एक वाचक, सातारा

उत्तर : नका लावू. चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावर वारा मोकळा वाहतो आणि ती पाती जमिनीपासून खूप उंचावर आहेत. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते. गच्चीवर झाडं, टाक्या, शेजारच्या भिंती यांना आपटून वारा गरगरतो, तिथे छोटी चक्की फिरताना दिसते पण मीटरवर फारसं काही येत नाही. स्लॅबला हादरे बसतात ते वेगळंच. गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर गोबरगॅसचा विचार करा. रोजचं पन्नास किलो शेण दोन घनमीटरच्या संयंत्राला पुरतं, त्यावर घरचा स्वयंपाक निघतो आणि उरलेली स्लरी (शेणाचा पातळ रबडा) खत म्हणून शेताला जाते.

प्रश्न : ठाण्यात फ्लॅट आहे, गच्ची सोसायटीची. महिन्याला आमची नव्वद युनिट जळतात. आम्ही काय करू शकतो? — सोसायटीचे एक सभासद

उत्तर : तुमच्या स्वतःच्या बिलासाठी काही करू नका. नव्वद युनिट सगळ्यात स्वस्त टप्प्यात बसतात, तिथे सोलरचे पैसे निघायला फार वर्षं जातील. सोसायटीच्या मीटरकडे बघा. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्याचे दिवे हे सगळं एका मीटरवर असतं, त्यामुळे तो वापर महागड्या टप्प्यात जातो आणि त्याची भरपाई तुमच्या मेंटेनन्समधून होते. सामाईक वापरासाठी सोसायटीलाही सूर्यघर योजनेत किलोवॅटला १८ हजार मिळतात. २० किलोवॅटचे ३ लाख ६० हजार झाले, जागा दोन हजार चौरस फूट.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग राहिलं असेल तर ते आधी उरका. सांगाडा उभा राहिल्यावर खाली गळायला लागलं तर वरच्या मजल्यावरची माणसं तुम्हाला माफ करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. पॅनल धुवायला गच्चीवर नळ आणि माणसाला चालता येईल एवढी वाट ठेवा. धुणं सकाळी लवकर करा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. विषय सर्वसाधारण सभेत ठेवताना सामाईक मीटरची बारा महिन्यांची बिलं नोटिशीला जोडा आणि निदान तीन कोटेशनं मागवा. पाच वर्षांची देखभाल कोण करणार, हे प्रत्येकाकडून लेखी घ्या.