काचेचे दार, भिंत आणि बोअरचे पाणी

प्रश्न : जुळे सोलापूर भागातील आमच्या घरात बाथरूमचे काम सुरू असून टाइल्स अद्याप बसवलेल्या नाहीत. शॉवरसाठी १० मिमी जाडीच्या टफन्ड (तापवून कणखर केलेल्या) काचेचा, चौकट नसलेला आडोसा करायचा आहे. दार ३० इंच रुंद आणि साडेसहा फूट उंच असेल. एक भिंत विटांची आहे, समोरची सिपोरेक्स ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या). दुकानात दोन प्रकारच्या बिजागऱ्या दाखवल्या. दिसायला सारख्याच, पण किमतीत दुपटीहून अधिक फरक. पाणी बहुतेक दिवस बोअरचेच वापरतो. कोणत्या घ्याव्यात? स्थिर काचेला चॅनेल (काच बसवायची लांब, खाचेची पट्टी) लावावे की क्लॅम्प (काच पकडणारे छोटे चाप)?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : टाइल्स बसण्याआधी आपण विचारले हे फार चांगले झाले, कारण या कामातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय टाइल्सच्या मागे झाकला जातो. काचेचे वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो धरतात. त्या हिशेबाने आपले दार सुमारे ३८ किलोचे होते. हे वजन खाली ओढतेच, शिवाय वरच्या बिजागरीला भिंतीतून बाहेरही खेचत असते. दोन बिजागऱ्यांमध्ये दीड मीटर अंतर ठेवले, तर ही खेच जवळपास १० किलो येते. तेच दार ३६ इंच रुंद केले, तर ती १४ किलोच्या घरात जाते, कारण रुंदीबरोबर वजनही वाढते आणि ते वजन बिजागरीपासून लांबही सरकते. म्हणून उत्पादकाने दिलेली वजनाची मर्यादा आणि दाराच्या रुंदीची मर्यादा, दोन्ही पाहाव्यात. काठावरचा आकडा असेल, तर वरच्या क्षमतेचा जोड घ्यावा.

ही खेच आकड्याने मोठी नाही. पण दार रोज अनेकदा उघडते, कोणी मूठ धरून त्यावर भार टाकते आणि सिपोरेक्ससारख्या मऊ ब्लॉकमध्ये साधा रावल प्लग हळूहळू सैल होतो. माझा स्पष्ट सल्ला असा की, दार विटांच्या भिंतीवर टांगावे आणि स्थिर काच सिपोरेक्सच्या बाजूला घ्यावी. बाथरूमच्या रचनेमुळे ते शक्य नसेल, तर बिजागऱ्या येतील त्या दोन जागी ब्लॉक काढून काँक्रीट भरून घ्यावे. आज गवंड्याचे हे थोडक्या वेळाचे काम आहे, टाइल्स बसल्यावर तोडफोड होईल. स्क्रूच्या लांबीकडेही लक्ष असू द्या. प्लास्टर आणि टाइल मिळून २५ ते ३० मिमी सहज जातात. त्यामुळे ४० मिमीचा स्क्रू विटेत जेमतेम टोक टेकवतो. ७५ मिमीच्या आसपासचा स्क्रू घ्यावा आणि प्लग प्लास्टरमध्ये न अडकता पूर्णपणे विटेत बसला आहे याची खात्री करावी. टाइलला छिद्र पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा. टाइल पार झाल्यावरच तो सुरू करावा.

आता धातूविषयी. सारख्याच चकाकीच्या दोन बिजागऱ्यांतील स्वस्त बिजागरी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची, क्रोमचा मुलामा दिलेली असते. महाग बिजागरी पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची असते. चुंबक येथे फारसा उपयोगी नाही, कारण जस्त आणि पितळ दोन्ही त्याला चिकटत नाहीत. हातात तोलून पाहावे : त्याच आकाराची पितळी बिजागरी स्पष्टपणे जड लागते. बोअरच्या पाण्याने मुलाम्याला बारीक छिद्र पडले, की आतले जस्त फुगू लागते. आपण भरीव पितळ किंवा ३०४ प्रतीचे स्टील घ्यावे. पाणी खारे असेल, तर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टील क्लोराइडसमोर अधिक टिकते. सोबतच्या स्क्रूंना मात्र चुंबक जरूर लावावे. जोराने चिकटले, तर ते मुलामा दिलेले लोखंडी असू शकतात, ते बदलून मागावेत.

एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. आपल्याकडे क्षाराचे पांढरे डाग काढायला टाइल्सवर ॲसिड ओततात. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही, त्याची वाफसुद्धा धातू खाते. आंघोळीनंतर काचेवरून रबरी वायपर फिरवणे आणि बिजागऱ्या कोरड्या पुसणे एवढी सवय घरात लागली, तर ॲसिडची वेळच येणार नाही.

स्थिर काचेसाठी भिंतीलगत उभे यू-चॅनेल लावावे. ते काचेला संपूर्ण उंचीवर धरते, त्यासाठी काचेला छिद्र लागत नाही आणि भिंत ओळंब्यात काही मिलिमीटर चुकली असेल तर तेही झाकले जाते. तळाशी मात्र चॅनेलमध्ये पाणी साचून क्षार बसतो, म्हणून तेथे क्लॅम्प आणि सिलिकॉन मला अधिक योग्य वाटते. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे धातूला बाधते.

काचेची मापे टाइल्स बसल्यानंतरच, खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी घ्यावीत, आणि त्याआधी बिजागरीचे मॉडेल पक्के करावे. प्रत्येक मॉडेलसाठी काचेत करायची खाच वेगळी असते आणि काच एकदा टफन केली की तिला कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. बसवताना धातू आणि काच यांच्यामध्ये सर्वत्र गॅस्केट (मऊ, पातळ गादी) हवेच. धातूचा थेट दाब बसला, तर काच नंतर केव्हाही फुटू शकते.

प्रश्न : घरात सत्तरीच्या आई आहेत. दार आत उघडावे की बाहेर?
– तेच वाचक

उत्तर : बाहेर. आत कोणी घसरून पडले, तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगाला अडते आणि मदतीला जाणाऱ्याला वाट राहत नाही. दाराच्या कडेवरून बाहेर ठिबकणाऱ्या पाण्यासाठी तेवढ्या पट्ट्यात फरशीला शॉवरच्या दिशेने उतार देण्यास गवंड्याला आत्ताच सांगून ठेवावे.