अंगावरचे लाल कोळी आणि लाल रेषा : वाचकांचे प्रश्न

मॅडम, मला सातवा महिना चालू आहे, माहेरी सेलूला आलेय. गळ्याखाली एक लाल ठिपका आलाय आणि त्याच्या भोवती बारीक बारीक लाल रेषा, अगदी कोळ्यासारखा दिसतो. हातावर पण तसाच एक छोटा आहे. आजी म्हणते कोळी फिरलाय अंगावरून, चुना लाव. बाळाला काही होणार नाही ना?

ताई, आधी तो चुना बाजूला ठेवा, नाजूक कातडी भाजेल. आजी ज्याला कोळी फिरला म्हणतात त्यात आग होते, पाण्याचे फोड येतात, ते वेगळं. तुम्हाला झालंय त्याला स्पायडर अँजिओमा म्हणतात, यात ना दुखतं ना खाजतं, आणि बाळाला याचा काहीच त्रास नाही.

घरच्या घरी बघायचं असेल तर पेनाच्या टोपणाचं बोथट टोक मधल्या ठिपक्यावर हलकं दाबा, बाजूच्या रेषा गायब होतील, सोडलं की विहिरीतून पाटाला पाणी सुटावं तसं रक्त मधून कडेला पसरत जाईल. कारण मधे एक बारीकशी धमनी असते आणि बाकीच्या रेषा तिच्यातून फुटलेल्या असतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन वाढतं, त्याने या रक्ताच्या नळ्या रुंदावतात. हे बहुतेक चेहरा, मान, छातीचा वरचा भाग, हात इथंच दिसतात, कमरेखाली क्वचित. आपला सावळा रंग असला की नीट उजेडात बघितल्याशिवाय लक्षातही येत नाहीत. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते तीनेक महिन्यांत बऱ्याचदा आपोआप जातात, गोळ्या-मलम काही लागत नाही. निरोगी माणसांतसुद्धा 100 पैकी 10-15 जणांना एखादा असतोच, लहान लेकरांना पण असतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, तळहात-तळपायाला रात्री खूप खाज सुटली आणि अंगावर पुरळ काहीच नाही, किंवा डोळे पिवळे वाटले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा, ती लिव्हरची तक्रार असू शकते.

मॅडम, आमच्या दाजींना (वय 44, कळंब) छातीवर आणि खांद्यावर असे सात-आठ लाल कोळी आलेत. रोज संध्याकाळची बैठक असते, कित्येक वर्षांची सवय. आता भूक लागत नाही, पाय सुजतात. दाजी म्हणतात उष्णता झालीय, एखादं क्रीम सांगा.

दादा, क्रीम मी सांगणार नाही, कारण हा प्रश्न कातडीचा राहिलेलाच नाही. एखादा कोळी असणं वेगळं आणि तरण्याताठ्या गड्याच्या छातीवर सात-आठ उठणं वेगळं, त्यात पिणं, भूक मेलेली, पाय सुजलेले, हे सगळं एकत्र आलं की पहिला संशय लिव्हरवर घ्यायचा. पुरुषाच्या अंगातही थोडं इस्ट्रोजेन असतं आणि ते मोडायचं काम लिव्हरचं, लिव्हर खराब झालं की ते साठतं आणि कातडीवर असं उमटतं. त्यांचे तळहात बघा, अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा भाग लालसर आहे का, छाती बायकांसारखी वाढलीय का, पोट फुगलंय का, डोळे पिवळे आहेत का.

तपासणी म्हणजे रक्तातली लिव्हर फंक्शन टेस्ट, प्लेटलेट, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि पोटाची सोनोग्राफी. कळंबहून अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडेल, नाहीतर लातूर, पुढं लागलं तर संभाजीनगरचा घाटी सरकारी दवाखाना आहेच. काविळीची माळ, झाडपाल्याचा काढा यात महिनेच्या महिने जातात आणि काही काढ्यांनी लिव्हर आणखी बिघडतं, कळकळीनं सांगते, त्यात वेळ घालवू नका. अंग दुखतं म्हणून मेडिकलवरून पेनकिलर पण घेऊ नका. दारू सोडायलाच लागेल, पण रोज पिणाऱ्यानं एका रात्रीत बंद केली तर हातपाय थरथरणं, झटके येणं असं होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवा. सोडली तर लिव्हर बरंच सावरतं, बिघाड बराच पुढं गेलेला असला तरी फायदा होतोच, कधीकधी हे कोळी सुद्धा फिके पडतात. आणि रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी संडास किंवा बोलताना बरळणं, यातलं काही दिसलं तर त्याच घटकेला दवाखाना.

ताईंना पण सांगा की हे पिणाऱ्यांनाच होतं असं नाही, दारूला कधी हात न लावलेल्या माणसालाही हिपॅटायटिसने किंवा शुगर-वजनासोबत वाढलेल्या फॅटी लिव्हरने होतं. थायरॉईड वाढलेलं असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तरी असे कोळी येऊ शकतात.

वय 24, जालना. वांग घालवायला मेडिकलवरची एक ट्यूब दोन वर्षं लावली, आधी गोरी दिसले, आता गालावर लाल रेषांचं जाळं दिसतं आणि उन्हात गेलं की भाजल्यासारखं होतं. लेझरने जाईल का?

ट्यूबवरचं नाव तुम्ही लिहिलं नाही पण मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही छापलेलं असेल तर ते स्टेरॉईड आहे. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते आणि खालच्या नळ्या उघड्या पडतात. 2018 साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी आपल्या बाजारपेठांत मिळतातच, हे मला फार लागतं कारण याची झळ तुमच्याच वयाच्या पोरींना बसते. ट्यूब एकदम फेकू नका, चेहरा भडकून उठतो, स्किनच्या डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. मराठवाड्याच्या उन्हात सनस्क्रीन आणि स्कार्फ दोन्ही लागेल. लेझरने रेषा जातात पण आधी कातडी शांत झाली पाहिजे, आणि आपल्या रंगाच्या कातडीला काळे डाग पडायची भीती असते, म्हणून ब्युटी पार्लरमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञाकडेच.

वय 68, वसमत. पोटावर-पाठीवर लालभडक गोल ठिपके वाढत चाललेत. कॅन्सर तर नाही?

काका, वर्णनावरून हे चेरी अँजिओमा वाटतात, चाळिशीनंतर बहुतेकांना येतात, कॅन्सर नव्हे. चामखिळीला बांधतात तसा दोरा बांधू नका, उगंच रक्त येईल. एखादा काळा पडला, आकार बदलला, आपोआप रक्त यायला लागलं तरच दाखवा. पण ताप आलाय आणि पायांवर एकदम टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठलेत, काचेचा ग्लास दाबला तरी जात नाहीत, असं घरात कुणालाही झालं तर ते वेगळं, डेंग्यू असू शकतो, त्याच दिवशी प्लेटलेट तपासा.