पोपने समलैंगिक लग्नाला परवानगी दिली हे खरंय का?

नाही हो, लग्नाला नाहीच दिली. झालं असं की १८ डिसेंबर २०२३ ला व्हॅटिकनने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्यालयाने, एक पत्रक काढलं, तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांच्या मंजुरीने, त्यात म्हटलं की समलिंगी जोडपं आशीर्वाद मागायला आलं तर फादर तो देऊ शकतात, पण लग्नाचे कपडे नकोत, लग्नाचे शब्द नकोत आणि सिव्हिल मॅरेजच्या समारंभाला जोडून तर अजिबात नको. जानेवारीत खुलासा आला त्यात तर चक्क १०-१५ सेकंदांचा आशीर्वाद असं लिहिलंय, म्हणजे बघा किती जपून पाऊल टाकलंय! गंमत म्हणजे २०२१ मध्ये याच व्हॅटिकनने असे आशीर्वाद देताच येत नाहीत म्हणून सांगितलं होतं, तेव्हा जर्मनीतल्या काही फादरांनी ते न जुमानता उघडपणे दिले. आणि या वेळी एवढ्याशावरही आफ्रिकेतले बहुतेक बिशप बिथरले, आमच्याकडे हे चालणार नाही म्हणाले.

बाकी सगळी चर्चेस, म्हणजे ख्रिस्ती पंथ, एकाच माळेचे मणी समजू नका. अमेरिकेतलं एपिस्कोपल चर्च २०१५ पासून रीतसर लग्न लावतंय, चर्च ऑफ स्कॉटलंडनेही २०२२ ला हो म्हटलं, चर्च ऑफ इंग्लंडची गाडी मात्र अशा जोडप्यांसाठी प्रार्थना करण्यापर्यंतच आलीय.