नवरा वेस्टमिन्स्टरमध्ये, मुलगा गिटारवर

पत्र: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, इथे येऊन तीन वर्षं झाली. ह्यांचं काम घरूनच असतं. लॅपटॉप मिटला की बातम्या सुरू. बुधवारची पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं, व्हिसाचे नियम, कोण राजीनामा देणार... जेवतानाही फोन ताटाशेजारी. नेमक्या त्याच वेळी आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला दिवाणखान्यात बसून क्लासिकल गिटारचा सराव करायचा असतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. त्या म्हणतात, पेटी नाही, तबला नाही, हे कसलं टुणटुण? त्यात त्याने उजव्या हाताची नखं वाढवलीत, त्यावरून रोज खडाजंगी. ह्यांना म्हटलं, राजकारणात एवढा जीव अडकलाय तर मत तरी द्या. तर म्हणतात, आपण व्हिसावरची माणसं, आपल्याला कुठलं मत! मी कुठून सुरुवात करू? आणि दिवाळीत पुण्याला जाताना गिटार न्यावी का?

ताई, सुरुवात तुमच्या मिस्टरांच्या त्या वाक्यापासूनच करू, कारण ते साफ चूक आहे आणि मराठी घराघरांत मी ते ऐकते. तुमच्याकडे भारताचा पासपोर्ट आहे, इथे राहण्याचा वैध व्हिसा आहे आणि अठरा वर्षं पूर्ण आहेत, तर तुम्हाला ब्रिटनमध्ये मत आहे. काउन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) निवडणुकीतही आणि खासदाराच्या निवडणुकीतही. भारत राष्ट्रकुलात आहे म्हणून हा हक्क मिळतो. त्यासाठी ब्रिटिश नागरिक व्हावं लागत नाही, आणि मत दिल्यामुळे भारतीय नागरिकत्वालाही धक्का लागत नाही. तुमच्या गल्लीत एखादं फ्रेंच किंवा जर्मन कुटुंब वीस वर्षं राहत असेल, पण इथलं नागरिकत्व घेतल्याशिवाय त्यांना खासदार निवडता येत नाही. तुम्हाला येतो. (सासूबाईंना मात्र नाही. त्या पाहुण्या आहेत, रहिवासी नाहीत. त्यांची राजकीय मतं घरातच ऐकून घ्यावी लागतील.)

नोंदणी ऑनलाइन होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. मतदानाच्या बारा कामाचे दिवस आधी नाव नोंदवलेलं असायला हवं, त्यामुळे निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. तुमचा भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो. मतदारयादीत नाव असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे घरासाठी कर्ज काढताना किंवा साधं मोबाइलचं कंत्राट घेताना समोरचा तुमचा पत्ता पडताळतो तो बऱ्याचदा त्याच यादीवरून. नवीन आलेल्यांचा क्रेडिट स्कोअर का वर सरकत नाही, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

आता मिस्टर म्हणतील, आपल्या एका मताने काय होणार? २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लंडनमधल्या हेंडन मतदारसंघाचा निकाल १५ मतांनी लागला. पंधरा! एका मराठी घरच्या हळदीकुंकवाला त्याहून जास्त बायका जमतात. आणि १८९२ साली फिन्सबरीतून दादाभाई नौरोजी निवडून आले ते पाच मतांनी. आपल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला माणूस ब्रिटिश संसदेत गेला, तो एवढ्याशा फरकाने.

मिस्टरांच्या बातम्या बघण्यावर माझा राग नाही, हेही सांगते. व्हिसावरच्या माणसाला इमिग्रेशनची बातमी म्हणजे करमणूक नसते, तो त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये साउथपोर्टमध्ये लहान मुलींवर झालेल्या चाकूहल्ल्यानंतर गावोगावी दंगली झाल्या तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांनी मुलांना बाहेर पाठवलं नाही, आणि पुण्या-नाशिकहून फोनवर फोन येत होते. ती भीती खोटी नव्हती. पण दिवसाचे चार तास बातम्या पाहून ती कमी होत नाही, उलट माणसाला वाटायला लागतं की हा देश म्हणजे टीव्हीवरची भांडणं. आणि व्हिसाचा नियम नक्की कोणाला, कोणत्या तारखेपासून लागू, हे त्या चर्चांमध्ये कळतच नाही. ते सरकारी संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. आठवड्यातून एकदा ते पाहावं, शंका असेल तर नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला पैसे देऊन विचारावं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या फॉरवर्डला विचारू नये.

त्यांना राजकारण हवंच आहे ना? मग त्यांना घराच्या दारापासून सुरुवात करू द्या. आपली मंडळी पंतप्रधानांच्या सल्लागाराचं नाव सांगतात, पण आपल्या वॉर्डाचा काउन्सिलर कोण हे त्यांना ठाऊक नसतं. आणि इथलं रोजचं आयुष्य चालवतो तो काउन्सिल. कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या आठवड्यात, रस्त्यावरचे खड्डे, ग्रंथालय किती दिवस उघडं, शाळेचा प्रवेश, पार्किंगचं परमिट. काउन्सिल टॅक्सचंच बघा. इंग्लंडमध्ये तो अजूनही घराच्या १९९१ सालच्या किमतीच्या अंदाजावर ठरतो! तुमच्यासारखंच घर असलेल्या शेजाऱ्याचा बँड (करासाठी घराच्या किमतीवरून ठरलेली श्रेणी) तुमच्यापेक्षा खालचा असेल तर तपासणीची मागणी करता येते. फक्त आधी नीट गणित करा, कारण तपासणीत तुमचा बँड वरही जाऊ शकतो. शेजारी कोणी मागच्या अंगणात दुमजली बांधकाम काढलं आणि हरकत घ्यायची असेल, तर ‘आमच्या घराची किंमत पडेल’ किंवा ‘आमचं दृश्य अडेल’ असं लिहून उपयोग नाही, ती कारणं विचारातच घेतली जात नाहीत. उजेड अडतो, घरात डोकावलं जातं, वाहतूक वाढते, हे लिहा.

खासदाराचंही तसंच. ते लोकांना भेटायला बसतात त्याला इथे सर्जरी म्हणतात. तुम्ही त्यांना मत दिलंय का, मुळात तुम्हाला मत आहे का, हे विचारलं जात नाही. त्यांच्या मतदारसंघात राहता एवढं पुरे. म्हणून ईमेलमध्ये घरचा पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड लिहावा, नाहीतर उत्तर येत नाही. व्हिसाचा अर्ज ठरलेल्या मुदतीपलीकडे अडकला तर खासदाराचं कार्यालय होम ऑफिसकडे (गृहखात्याकडे) चौकशी करू शकतं. निर्णय बदलायला लावू शकत नाही, पण फाइल कुठे आहे हे तरी कळतं.

आणि हे सगळं गिटारच्या पत्रात कशाला, असं वाटत असेल तर मिस्टरांना ही गोष्ट सांगा. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या तुरुंगांत नवे नियम आले आणि कैद्यांना कोठडीत स्टीलच्या तारांची गिटार ठेवायला बंदी झाली. नायलॉनच्या तारा चालतील, स्टीलच्या नाहीत. संगीतकार बिली ब्रॅग यांनी आवाज उठवला, आणखी काही नामवंत गिटारवादक त्यांना येऊन मिळाले, वर्तमानपत्रात पत्र छापून आलं, एका खासदाराने विषय लावून धरला, आणि २०१४ च्या उन्हाळ्यात बंदी उठली. या देशातलं राजकारण बरंचसं असं चालतं. छोटा मुद्दा, चिकाटी आणि पत्रं. बुधवारच्या आरडाओरड्यात ते दिसत नाही.

तुमच्या मुलाची गिटारही नायलॉनवालीच असणार. नसेल तर आजच बघा. क्लासिकल गिटारवर चुकूनही स्टीलच्या तारा चढवू नका. त्यांचा ताण इतका असतो की पूल (तारा बांधलेली लाकडी पट्टी) उखडतो, पुढची फळी वाकते. अकरा वर्षांच्या मुलाला बहुतेक तीन चतुर्थांश आकाराची गिटार बसते. मोठी घेऊन ठेवू, वाढत्या अंगाची, हा आपला कपड्यांचा हिशोब इथे लावू नका, डावं मनगट दुखून मूल वाद्यच सोडून देतं. डाव्या पायाखाली छोटं स्टूल हवं. आणि हिवाळ्यात रेडिएटरजवळ गिटार कधीच ठेवू नका. सेंट्रल हीटिंगने हवा कोरडी होते आणि लाकूड तडकतं.

सासूबाईंच्या ‘टुणटुण’वर मी त्यांची बाजू थोडी घेणार आहे, कारण त्यांना पडलेला प्रश्न इथल्या साहेबांनाही पडला होता. ज्युलियन ब्रीम, विसाव्या शतकातले इंग्लंडचे सर्वात मोठे गिटारवादक, १९३३ साली लंडनच्या बॅटर्सीत जन्मले. (हीच ती बॅटर्सी, जिथून मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला १९२२ साली खासदार झाले होते.) ब्रीम रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गेले तेव्हा तिथे गिटार हा विषयच नव्हता. पियानो आणि चेलो शिकले, गिटार घरची घरी. त्यांच्यानंतर जॉन विल्यम्स गेले, तर त्यांनाही तिथे पियानोच घ्यावा लागला, आणि पुढे त्याच कॉलेजात गिटारचा विभाग उभा करायला बोलावलं ते त्यांनाच. बेंजामिन ब्रिटनसारख्या संगीतकाराने १९६३ मध्ये ब्रीमसाठी खास रचना लिहिली, तोवर या वाद्याला दाराबाहेरून आत यायला एवढा काळ लागला. तेव्हा आजी एकट्या नाहीत, त्यांना सांगा.

नखांचं भांडण मात्र खरं आहे, आणि त्यात तिसरा पक्षही येईल: शाळेतले पीटीचे शिक्षक. क्लासिकल गिटारमध्ये उजव्या हाताच्या नखानेच स्वर उमटतो. सतारीला मिजराब असते, इथे नख हीच मिजराब. डाव्या हाताची नखं मात्र पूर्ण कापलेली हवीत, तेवढं आजींना समाधान. अकराव्या वर्षी उजवीकडे बोटाच्या टोकापुढे जेमतेम एक-दोन मिलिमीटर पुरतात, तेही कानशीने गोल घासलेले. बास्केटबॉल असेल त्या दिवशी टेप लावावी. वरणभात हाताने खाताना नखांत अडकतो ही आजींची तक्रार रास्त आहे. जेवणाआधी आणि नंतर ब्रशने नखं घासायची, ही अट तुम्ही घाला. पहिल्या दोन-तीन ग्रेडपर्यंत (म्हणजे परीक्षांच्या पायऱ्यांपर्यंत) नुसत्या बोटाने वाजवलं तरी भागतं, हेही शिक्षकांना विचारून बघा.

आता एक करून बघण्यासारखं. आजी अभंग म्हणत असतील, तर मुलाला गिटारवर अभंगाची चाल वाजवायला लावू नका. क्लासिकल गिटारवर मींड (स्वरावरून स्वरावर अखंड सरकणं) नीट येत नाही, तो हिरमुसेल आणि आजी म्हणतील, बघा, सांगत होते. त्याऐवजी सर्वात जाड सहावी तार एका पूर्ण स्वराने (ई वरून डी) उतरवा. मग जाड तीन तारा सा-प-सा होतात, पांढरी दोनमध्ये. आजींचा आवाज पांढरी चारमध्ये असेल तर तिसऱ्या घरात कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा; क्लासिकल गिटारची पट्टी रुंद आणि सपाट असते, म्हणून त्यासाठीचाच सपाट कॅपो घ्या. मुलाने त्या तीन तारा शांतपणे छेडत राहायचं, तानपुऱ्यासारखं, आणि आजींनी म्हणायचं. लय धरायला तो शिकेल, त्याच्या पुस्तकात नसलेलं काहीतरी कानावर पडेल. मंडळाच्या गणपतीत वाजवायचं की नाही ते मात्र त्याला ठरवू द्या. पाहुण्यांसमोर ‘वाजवून दाखव’ नको.

ग्रेडच्या परीक्षांबद्दल आपली मंडळी लगेच विचारतात, म्हणून थोडक्यात. एबीआरएसएम या इथल्या संगीत परीक्षा मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५० पैकी १०० ला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. सहावीपासून पुढच्या ग्रेडना विद्यापीठ प्रवेशाचे थोडे गुणही मिळतात. पण तेवढ्यासाठी दरवर्षी एक ग्रेड असा धडाका लावू नका. तीन तुकडे घासून घासून वर्ष काढणारी, आणि चौथा समोर ठेवला की गोंधळणारी मुलं मी बरीच पाहिलीत. गिटारची खरी अडचण वेगळीच आहे. शाळेच्या ऑर्केस्ट्रात तिला जागा नसते, त्यामुळे मूल एकटं पडतं. तुमच्या भागातल्या संगीत केंद्रात शनिवारी गिटारवृंद असतो का ते शोधा, आणि पैशाची अडचण असेल तर फी सवलत आहे का हे न लाजता विचारा. इतर मुलांबरोबर वाजवायला लागला की सराव कर म्हणून मागे लागावं लागत नाही.

दिवाणखान्याचं काय? संध्याकाळी सहा ते साडेसहा टीव्ही आणि फोन बंद, सगळ्यांसाठी. क्लासिकल गिटारचा आवाज इतका हळू असतो की शेजारच्या भिंतीपलीकडे तो फारसा जात नाही. तबल्याच्या मानाने तुमचे इंग्रज शेजारी नशीबवान आहेत. बातम्या साडेसहानंतरही तिथेच असतात. मिस्टरांना त्या अर्ध्या तासात काउन्सिलरला एक ईमेल लिहायला बसवा, खड्ड्याबद्दल म्हणा, डब्याबद्दल म्हणा.

पुण्याला गिटार न्यावी का? तीन आठवड्यांहून कमी मुक्काम असेल तर नेऊ नका. एवढ्या दिवसांत बोटं काही विसरत नाहीत. न्यायचीच असेल तर कडक पेटीत न्या, तारा थोड्या सैल करा, आणि केबिनमध्ये घेऊ देतील का हे तिकीट काढतानाच विचारून ठेवा. मागची आणि बाजूची फळी शिसवी असली तरी घाबरू नका. चांगल्या गिटारींना बहुतेकदा आपल्या सह्याद्रीत वाढतो तोच शिसव वापरतात, आजीच्या माहेरच्या पलंगाचा. २०१७ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या) कराराचे निर्बंध आले होते, पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझीलचा शिसव मात्र त्या सुटीत बसत नाही, त्याला कागद लागतात. अकरा वर्षांच्या मुलाच्या तीन चतुर्थांश गिटारीत तो सापडण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, पण कोणी जुनी गिटार भेट दिलेली असेल तर निघण्याआधी दुकानात दाखवून घ्या.